दुसऱ्याच्या वतीने दिलेली माफी

१३ ऑगस्ट २०२५ रोजी पेरूच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्ष दिना बोलुआर्ते यांनी माफीच्या एका कायद्यावर सही केली. १९८० ते २००० या काळात ‘शायनिंग पाथ’ आणि इतर बंडखोरांशी लढताना ज्या सैनिकांवर, पोलिसांवर आणि गावोगावच्या सशस्त्र रक्षकदलांवर अत्याचारांचे आरोप झाले, पण ज्यांच्या खटल्यांचा अंतिम निकाल लागलेला नाही, ते सगळे या कायद्याने सुटले. शिक्षा झालेल्यांपैकी सत्तरी ओलांडलेल्यांनाही सोडण्याची तरतूद त्यात आहे. त्या वीस वर्षांत सुमारे ६९ हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, असा पेरूच्या सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. निम्म्याहून अधिक बळी शायनिंग पाथने घेतले, हेही त्याच आयोगाने नोंदवलं आहे. लष्कराने मारलेल्यांची संख्या त्याहून कमी असली तरी प्रचंड आहे.

पेरूला हे नवीन नाही. नोव्हेंबर १९९१ मध्ये लिमा शहरातल्या बारिओस आल्तोस भागात एका जुन्या इमारतीतले रहिवासी दुरुस्तीसाठी पैसे जमवायला म्हणून एकत्र आले होते. लष्कराच्या छुप्या पथकाने आत घुसून पंधरा जणांना गोळ्या घातल्या. मेलेल्यांत आठ वर्षांचा एक मुलगा होता. १९९५ मध्ये तपास आरोपींपर्यंत पोहोचू लागला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांच्या ताब्यातल्या संसदेने जूनमधल्या एका रात्रीत माफीचा कायदा संमत करून टाकला. अंतोनिया साकिकुराय या न्यायाधीशांनी तो कायदा आपल्यासमोरच्या खटल्याला लागू करायला नकार दिला. मग संसदेने दोन आठवड्यांच्या आत दुसरा कायदा केला. पहिल्या कायद्याची तपासणी करण्याचा अधिकारच त्याने न्यायाधीशांकडून काढून घेतला. २००१ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने हे दोन्ही कायदे निष्प्रभ ठरवले आणि २००९ मध्ये फुजिमोरींना पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. एवढं सगळं होऊनही पेरू आज पुन्हा त्याच जागी येऊन उभा आहे.

अशा उदाहरणांनी संतापून माफीचे सगळेच कायदे नाकारावेत असं वाटणं स्वाभाविक आहे. मला ते पटत नाही. युद्ध थांबवायचं असेल तर हातात बंदूक असलेल्या माणसाला घरी परतायची वाट दाखवावी लागते. ‘शरण ये, मग आजन्म तुरुंगात जा’ असं सांगितल्यावर कोणी डोंगरातून खाली उतरत नाही. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या दुसऱ्या पूरक प्रोटोकॉलमध्येही अंतर्गत युद्ध संपल्यावर लढ्यात भाग घेतलेल्यांना शक्य तितकी व्यापक माफी देण्याचा प्रयत्न सरकारने करावा, असं कलम आहे. हे कलम माफीचे समर्थक आवर्जून पुढे करतात. ते आहे लढ्यात भाग घेतल्याबद्दलच्या माफीविषयी. लढताना गावाला वेढा घालून बायकापोरं जाळली त्याबद्दल नाही. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती या कलमाचा अर्थ असाच लावत आली आहे.

मला जे म्हणायचं आहे ते या फरकावरच उभं आहे. बंड, राजद्रोह, बेकायदा शस्त्र बाळगणं, परवानगीविना सीमा ओलांडणं, सैन्यातून पळून जाणं हे राज्यसंस्थेविरुद्धचे अपराध आहेत. इथे दुखावली गेलेली बाजू राज्यसंस्थाच आहे, तेव्हा तिने उदार मनाने हे सगळं सोडून द्यावं. पण एखाद्या बाईचा मुलगा रात्री घरातून उचलून नेला आणि तो परत आला नाही, तर तो अपराध आधी त्या मुलाविरुद्धचा आणि त्या बाईविरुद्धचा आहे. सरकारने स्वतः दिलेलं कर्ज खुशाल माफ करावं; शेजाऱ्याने तिसऱ्याला दिलेलं कर्ज परस्पर माफ करून वर आपल्या औदार्याची दवंडी पिटू नये.

हा फरक आधुनिक मानवाधिकारांच्या चळवळीने शोधून काढला असंही नाही. इसवी सनापूर्वी ४०३ मध्ये अथेन्समध्ये तीस जुलमी सत्ताधीशांची राजवट कोसळल्यावर लोकशाहीवाद्यांनी जो समझोता केला, तो इतिहासातला माफीचा पहिला मोठा करार म्हणून सांगितला जातो. जुनं उकरून काढायचं नाही, अशी शपथ नागरिकांनी घेतली. पण त्या शपथेतून खुद्द ते तीस जण आणि त्यांचे प्रमुख अंमलदार वगळलेले होते. त्यांना संरक्षण हवं असेल तर आधी आपल्या कारभाराचा जाहीर हिशेब द्यावा लागे. ज्याने स्वतःच्या हाताने खून केला, त्याच्यावर खटला चालवायची मुभाही शाबूत होती. माफीच्या बाजूने बोलणारे अथेन्सचं नाव घेतात आणि हा भाग गाळतात.

या कसोटीची खरी परीक्षा होते ती युगांडात. उत्तर युगांडात ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ने हजारो मुलं पळवली आणि त्यांच्या हातात शस्त्रं दिली. अनेकांना आपल्याच नातेवाइकांना मारायला लावलं. २००० च्या माफी कायद्यासाठी सर्वांत मोठा आग्रह धरला तो ज्यांच्या गावांनी हा मार सोसला त्या अचोली समाजातल्या धर्मगुरूंनी आणि वडीलधाऱ्यांनी. जंगलातले ते ‘अतिरेकी’ त्यांचीच हरवलेली मुलं होती. वीस हजारांहून अधिक जण या कायद्याखाली परतले, आणि तो कायदा मला पूर्णपणे न्याय्य वाटतो. पण त्याच जंगलात काही मुलं मोठी होऊन सेनानी झाली. डॉमिनिक ऑन्गवेन लहानपणी शाळेच्या वाटेवरून पळवला गेला आणि पुढे स्वतः मुलं पळवू लागला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा दिली, आणि ती ठरवताना त्याचं स्वतःचं हिरावलेलं बालपण लक्षात घेऊन जन्मठेप टाळली. तो बळीही होता आणि अपराधीही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी तोलून पाहण्याची सोय खटल्यात असते, सरसकट माफीत नसते. म्हणून मी ‘सगळ्यांना शिक्षा’ असं म्हणत नाही. मी म्हणतो, प्रत्येकाचं वेगळं बघा.

मोझांबिक हे माफीच्या बाजूचं सर्वांत भक्कम उदाहरण, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. तिथे सोळा वर्षांच्या युद्धात सुमारे दहा लाख माणसं मेली. ऑक्टोबर १९९२ मध्ये रोम इथे शांतता करार झाला, काही दिवसांत सर्वांना माफी देणारा कायदा आला. ना खटले झाले, ना सत्यशोधन आयोग नेमला गेला. तरीही शांतता वीस वर्षं टिकली. २०१३ मध्ये पुन्हा चकमकी सुरू झाल्या, मग २०१४ मध्ये नवी माफी आणि २०१९ मध्ये आणखी एक. यावरून माफीमुळेच युद्ध परतलं असं मी म्हणणार नाही, त्यामागे सत्तावाटपाची वेगळी भांडणं होती. पण एक नक्की दिसतं: तिथे माफी ही दर करारासोबत येणारी नेहमीची तरतूद होऊन बसली. शस्त्र उचललेल्या प्रत्येकाला ती आधीच ठाऊक असते.

सरसकट माफी गुन्ह्याचे तुकडे कसे पाडते, हे पाहायला अर्जेंटिनात जावं लागतं. तिथे लष्करी राजवटीने सत्ता सोडण्यापूर्वी, सप्टेंबर १९८३ मध्ये, स्वतःलाच माफी देणारा कायदा केला. राऊल अल्फोन्सिन निवडून येताच संसदेने तो रद्द केला, आणि १९८५ मध्ये लष्करी मंडळातल्या सेनापतींवर उघड्या न्यायालयात खटला चालला. इतक्या ताज्या लोकशाहीने एवढं धाडस दाखवावं, हे तेव्हा अनेकांना अशक्य वाटलं होतं. मग खालच्या अधिकाऱ्यांवर खटले येऊ लागले, सैन्यात खदखद वाढली. १९८६ च्या शेवटी नव्या खटल्यांना मुदत घालणारा कायदा आला, १९८७ च्या ईस्टरमध्ये काही तुकड्यांनी बंड केलं, आणि त्यानंतर वरिष्ठांचा हुकूम पाळणाऱ्यांना दोषमुक्त मानणारा कायदा झाला. त्यातून जे मोजके अपवाद ठेवले होते, त्यांतला एक होता कोठडीतल्या आईबापांची मुलं पळवण्याचा गुन्हा.

या अपवादातून पुढे जे घडलं ते वाचताना अजूनही सुन्न व्हायला होतं. १९७८ मध्ये एका तरुण जोडप्याला त्यांच्या आठ महिन्यांच्या मुलीसकट पळवून नेलं गेलं. आईबापांचा छळ झाला, ते कायमचे नाहीसे झाले. मुलगी लष्करातल्या एका कुटुंबाला देण्यात आली. या कायद्यांनुसार त्या मुलीला पळवल्याबद्दल अधिकाऱ्यांवर खटला चालू शकत होता, पण तिच्या आईबापांना छळून नाहीसं केल्याबद्दल मात्र नाही. एकच रात्र, एकच कोठडी, तेच हात. न्यायाधीश गाब्रिएल कावाल्यो यांनी २००१ मध्ये हा विसंवाद नाकारला आणि दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरवले. २००३ मध्ये संसदेने ते रद्द केले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

चिलीत कायदा रद्द न होताच पोकळ झाला. लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीने १९७८ मध्ये काढलेल्या हुकमाने सप्टेंबर १९७३ ते मार्च १९७८ या काळातले गुन्हे माफ केले होते. त्यावर न्यायालयांनी असा युक्तिवाद मान्य केला की बेपत्ता माणसाचं शव किंवा ठावठिकाणा मिळाला नाही, तोवर अपहरण चालूच आहे. आणि जो गुन्हा १९७८ नंतरही चालू आहे त्याला १९७८ पर्यंतची माफी लागू होत नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उचलून धरलं. कोणी याला वकिली युक्ती म्हणेल. मला यात घरच्यांचा अनुभव कायद्याच्या भाषेत उतरलेला दिसतो. ज्यांचं माणूस परत आलं नाही आणि ज्यांना अंत्यसंस्कारही करता आले नाहीत, त्यांच्यासाठी ते अपहरण खरोखरच संपलेलं नसतं.

अर्जेंटिनाच्या अल्फोन्सिन यांच्याबद्दल मला तुच्छता वाटत नाही. छावण्यांतून बंड होत असताना लोकशाही टिकवायची होती. पण मानेवर सुरी ठेवून करून घेतलेला कायदा हा फार तर युद्धविराम असतो. धोका आहे तोवर तो पाळावा, आणि धोका सरल्यावर समाजाने तो पुन्हा उघडून पाहावा. यावर एक गंभीर आक्षेप येतो: दिलेला शब्द वीस वर्षांनी फिरवलात, तर पुढच्या युद्धातला बंडखोर तुमच्या माफीवर विश्वास का ठेवेल? या आक्षेपात तथ्य आहे. त्याचं माझं उत्तर असं की, म्हणूनच जे आपल्या हातात आहे तेवढंच द्यायचं वचन द्यावं. वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्याला सुरुवातीलाच सांगा की बंडाची माफी पक्की आहे, कत्तलीची नाही, आणि कत्तलीबद्दल खरं बोललास तर शिक्षा हलकी होईल. हे वचन पाळता येतं, कारण ते देताना कोणाच्या खिशात हात घातलेला नसतो.

सिएरा लिओनचा अनुभव इथे बोलका आहे. जुलै १९९९ च्या लोमे करारात फोदे सांकोह या बंडखोर नेत्याला पूर्ण माफी, उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा आणि देशाच्या खनिजसंपत्तीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. त्याची माणसं लोकांचे हात तोडत होती हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने सही करताना शेजारी हाताने एक टीप लिहिली की वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांच्या बाबतीत ही माफी संयुक्त राष्ट्रांना मान्य नाही. मे २००० मध्ये सांकोहच्या लोकांनी सुमारे पाचशे शांतिसैनिकांना ओलीस धरलं. पुढे विशेष न्यायालय स्थापन झालं आणि त्याने २००४ मध्ये लोमेची माफी आपल्यावर बंधनकारक नाही, असा निर्णय दिला. हाताने लिहिलेली ती एक ओळ नसती तर कदाचित हा निर्णय इतका सहज झाला नसता.

कायदा कोणी लिहिला, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. अफगाणिस्तानात २००७ मध्ये ज्या संसदेने राष्ट्रीय सलोख्याच्या नावाने माफी दिली, तिच्यात आधीच्या यादवीतले सरदार स्वतः खासदार म्हणून बसले होते. एल साल्वादोरमध्ये सत्यशोधन आयोगाचा अहवाल १५ मार्च १९९३ रोजी आला आणि अवघ्या पाच दिवसांनी माफीचा कायदा झाला. त्या अहवालात एल मोसोतेच्या हत्याकांडाची नोंद होती. डिसेंबर १९८१ मध्ये सैन्याने तिथे शेकडो गावकरी मारले होते, आणि चर्चला लागून असलेल्या एका खोलीतून निघालेले सांगाडे बहुतेक लहान मुलांचे होते. लोकांना तो अहवाल नीट वाचायलाही पाच दिवस पुरले नसते. तो कायदा घटनाबाह्य ठरायला २०१६ उजाडलं. तोवर कितीतरी साक्षीदार आणि आरोपी मरून गेले होते. ज्याला माफी हवी आहे त्यानेच तिचा मसुदा लिहिला, तर त्याला कायदा म्हणायला मी तयार नाही.

मग लोकांनीच मतदान करून माफी दिली तर? उरुग्वेत हे दोनदा झालं. लष्करी राजवटीतल्या गुन्ह्यांवर खटले न चालवण्याचा १९८६ चा कायदा रद्द करावा का, यावर १९८९ मध्ये सार्वमत झालं आणि सुमारे ५६ टक्के लोकांनी तो राखला. २००९ मध्ये पुन्हा कौल घेतला, तेव्हाही रद्द करण्याच्या बाजूने सुमारे ४८ टक्केच मतं पडली. दोन्ही वेळा लोकशाही प्रक्रिया खुली होती, प्रचार मोकळा होता. तरीही २०११ मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयाने तो कायदा अमान्य ठरवला. प्रकरण होतं कवी हुआन हेलमन यांच्या सुनेचं. १९७६ मध्ये गरोदर असताना तिला ब्युनोस आयरिसमधून पकडून मोन्तेविदेओला आणलं, बाळंतपणानंतर ती नाहीशी झाली, आणि तिची मुलगी एका पोलीस कुटुंबात वाढली. आजोबांना नात सापडली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

बहुमताविरुद्ध परदेशी न्यायाधीशांनी निकाल द्यावा, हे पटायला जड जातं, मान्य आहे. लोकांच्या सार्वभौमत्वावर माझा विश्वास आहे. पण त्या दोन्ही मतदानांत कोणी काय पणाला लावलं होतं ते पाहा. बहुसंख्य मतदारांना या माफीसाठी स्वतःचं काहीच द्यावं लागत नव्हतं. त्यांच्या घरातलं कोणी नाहीसं झालेलं नव्हतं. बऱ्याच जणांना सैन्य पुन्हा उठेल ही भीती होती, तीही खरी होती. पण त्या भीतीची किंमत त्यांनी मूठभर कुटुंबांच्या नावावर मांडली. मूलभूत अधिकार असतातच मुळी बहुमताने उडवून लावता येऊ नयेत म्हणून. लाखो लोकांनी मिळून एकाला सांगितलं की ‘तू तुझी मुलगी विसर’, तर त्याला लोकेच्छा म्हणता येईल, न्याय नाही. स्पेनमध्ये १९७७ चा माफी कायदा डाव्या पक्षांनीच मागितला होता, त्यांचेच कार्यकर्ते तुरुंगात होते म्हणून. त्याच कायद्याने हुकूमशहा फ्रँकोच्या अधिकाऱ्यांनाही झाकलं. मागणी प्रामाणिक होती, तरी आज रस्त्याकडेच्या सामूहिक कबरी उकरणाऱ्या नातवंडांना तिचं उत्तर पुरत नाही.

या सगळ्यांत दक्षिण आफ्रिकेचा प्रयोग वेगळा. वर्णभेदी राजवट संपल्यावर आलेल्या १९९५ च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग नेमला आणि माफीला अटी घातल्या. सरसकट कोणालाच नाही, प्रत्येकाने आपल्या नावाने अर्ज करायचा, कृत्य राजकीय हेतूने केलेलं असावं आणि सगळं खरं सांगावं. सुनावणी बहुतेक उघड्यावर. ७,११२ अर्ज आले, ८४९ जणांना माफी मिळाली, ५,३९२ अर्ज फेटाळले गेले. कम्युनिस्ट नेते क्रिस हानी यांच्या मारेकऱ्यांना माफी नाकारली गेली. वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कोठडीतल्या मृत्यूशी संबंधित पोलिसांनाही, कारण त्यांनी झटापटीत अपघात झाला अशीच कहाणी सांगितली.

केप टाउनच्या जेफ्री बेन्झीन या पोलिसाची सुनावणी अनेकांच्या स्मरणात आहे. कैद्याच्या डोक्यावर ओलं पोतं घट्ट बांधून त्याला गुदमरवण्यात तो तरबेज होता. १९९७ मध्ये टोनी येंगेनी या त्याच्या एकेकाळच्या कैद्याने, जो तोवर खासदार झाला होता, आयोगाच्या माफी समितीपुढे त्याला सांगितलं की ते कसं करायचास ते इथे करून दाखव. बेन्झीन जमिनीवर एका माणसाच्या पाठीवर बसला आणि त्याने ते सर्वांसमोर करून दाखवलं. १९९९ मध्ये त्याला माफी मिळाली. हे पाहून संताप यावा हे बरोबरच आहे. पण त्या दिवसानंतर देशातला कोणीही ‘आमच्या कोठड्यांत असलं काही होत नव्हतं’ असं म्हणू शकला नाही. सरसकट माफी नेमकी हीच गोष्ट अशक्य करून टाकते. तिथे कोणालाच उभं राहून काही सांगावं लागत नाही.

बिको यांची पत्नी आणि इतर काही कुटुंबांनी हा कायदा घटनात्मक न्यायालयात आव्हान देऊन पाहिला, कारण फौजदारी खटल्याबरोबर नुकसानभरपाईचा दावा करण्याचा त्यांचा हक्कही जात होता. १९९६ मध्ये न्यायमूर्ती इस्माईल महोमेद यांनी निकाल त्यांच्या विरुद्ध दिला. त्या निकालाशी मी पूर्ण सहमत नाही, पण त्यातल्या प्रामाणिकपणाचा आदर करतो. कुटुंबांवर आघात होतो आहे, हे त्यात लपवलेलं नाही. माफी नसेल तर पुरावे नष्ट करून बसलेले लोक तोंड उघडणार नाहीत आणि कुटुंबांच्या हाती ना शिक्षा लागेल ना सत्य, असा महोमेद यांचा युक्तिवाद होता. म्हणजे हा सौदा होता, आणि त्याला दोन अंगं होती. जो खरं बोलेल तो सुटेल. जो बोलणार नाही त्याच्यावर खटला चालेल.

दुसरं अंग पाळलंच गेलं नाही. आयोगाने तीनशेहून अधिक प्रकरणं सरकारी अभियोक्त्यांकडे सोपवली. त्यांतली बोटांवर मोजण्याइतकीच न्यायालयात उभी राहिली. अहमद तिमोल हा तरुण १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून पडून मेला, आणि त्याने आत्महत्या केली असा निष्कर्ष १९७२ मध्ये निघाला होता. कुटुंबाने चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून २०१७ मध्ये न्यायालयाने तो खून होता असा निर्णय दिला. ज्या पोलिसावर त्यानंतर आरोप ठेवले गेले, तो खटला सुरू होण्यापूर्वीच २०२१ मध्ये वारला. बिको यांच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा उघडली, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी. खटले का रखडवले गेले याची चौकशी करायला त्याच वर्षी आयोग नेमावा लागला. ज्यांनी माफी मागितली नाही, ज्यांनी समितीसमोर पाऊलही टाकलं नाही, ते सर्वांत निवांत राहिले. बेन्झीनने निदान जगासमोर मान खाली घातली. गप्प बसलेल्यांना तीही घालावी लागली नाही. अटींची माफी अशा रीतीने मागल्या दाराने सरसकट झाली.

भरपाईचंही तेच. आयोगाने सहा वर्षं वार्षिक मदत देण्याची शिफारस केली होती. २००३ मध्ये सरकारने नोंदलेल्या बळींना एकरकमी ३० हजार रँड देऊन विषय मिटवला. कुटुंबांनी दाव्याचा हक्क सोडला होता तो सार्वजनिक हितासाठी. त्याची भरपाई करणं ही सरकारची मेहरबानी नव्हती, ते देणं होतं, आणि ते बुडवलं गेलं.

कोलंबियाने या चुका डोळ्यांसमोर ठेवल्या असं दिसतं. ‘फार्क’ या बंडखोर संघटनेशी झालेल्या २०१६ च्या शांतता करारानंतर तिथल्या कायद्याने बंड आणि त्याला जोडून येणारे अपराध माफ केले. युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे, अपहरणं, लैंगिक अत्याचार यांना माफी नाही. यांचा निवाडा विशेष न्यायालय करतं. लवकर आणि पूर्ण कबुली देणाऱ्याला पाच ते आठ वर्षं, तुरुंगाबाहेर पण हालचालींवर बंधनं घालून आणि भरपाईच्या कामाला जुंपून: सुरुंग काढणं, बेपत्ता लोकांचे अवशेष शोधणं. नाकबूल करून दोषी ठरल्यास वीस वर्षांपर्यंत तुरुंग. हाच नियम बंडखोरांना आणि सैन्यालाही. तरुणांना नोकरीच्या आमिषाने नेऊन मारायचं आणि गणवेश चढवून चकमकीत मेलेले बंडखोर म्हणून दाखवायचं, असा प्रकार सैन्यात चालला होता. असे ६,४०२ बळी २००२ ते २००८ मध्ये गेल्याचं या न्यायालयाने नोंदवलं. एप्रिल २०२२ मध्ये ओकान्या इथे माजी अधिकाऱ्यांनी आयांसमोर उभं राहून कबूल केलं की तुमची मुलं बंडखोर नव्हती. आपलं पोरगं गुन्हेगार नव्हतं हे कोणीतरी अधिकाराने म्हणावं, यासाठी त्या बायका वर्षानुवर्षं झगडल्या होत्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये पहिले निकाल आले. एकवीस हजारांहून अधिक लोकांच्या अपहरणाबद्दल बंडखोरांच्या सात माजी नेत्यांना आठ वर्षांची बंधनं, तुरुंग नाही. वर्षानुवर्षं जंगलात साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या माणसांना ही थट्टा वाटली, आणि त्यांना तसं वाटू नये असं सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या कोणालाच नाही. मी एवढंच म्हणेन की या शिक्षेमागे नावानिशी दिलेली कबुली आहे, बळींची नोंद आहे, आणि खोटं बोललं तर मोठी शिक्षा मिळण्याची शक्यता शाबूत आहे. शिक्षेची लांबी कमी करणं समाजाच्या अखत्यारीत येतं, कारण शिक्षा समाजाच्या नावाने दिली जाते. विचारण्याचा आणि उत्तर मिळण्याचा हक्क त्याच्या अखत्यारीत येत नाही.

ज्या कुटुंबाला सत्याच्या बदल्यात सूट हा सौदाच नको असतो, त्याचं काय, हा प्रश्न उरतो. बिको कुटुंबाने तो सरळ नाकारला होता. त्यांचं मत डावलून समाज शिक्षा कमी करू शकतो, असं मला वाटतं. पण मग तसं त्यांच्या तोंडावर, कारणं देऊन, न्यायालयाच्या निकालात लिहून सांगावं, आणि त्याच दिवशी भरपाईची रक्कम अर्थसंकल्पात धरावी. ‘सलोखा’ म्हणून त्यांच्यावर क्षमाशीलता लादू नये. क्षमा करायची की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं, आणि त्यांनी ती कधीच केली नाही तरी त्यांना सलोख्याचे शत्रू ठरवू नये.

नेपाळमध्ये हे सगळे प्रश्न आज उघडे आहेत. २००६ मध्ये माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यातलं दहा वर्षांचं युद्ध संपलं. २०१४ च्या कायद्यात गंभीर गुन्ह्यांनाही माफीची वाट ठेवली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंद केली. सत्यशोधनाच्या आणि बेपत्ता लोकांच्या दोन आयोगांकडे साठ हजारांहून अधिक तक्रारी जमल्या, आणि वर्षांमागून वर्षं त्या तशाच पडून राहिल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्त कायदा आला. त्यात बलात्कार, मनमानी हत्या, बेपत्ता करणं आणि क्रूर छळ यांना माफी नाही, असं लिहिलं आहे. कागदावर हा फरक बरोबर पाडला आहे. पण युद्धातल्या दोन्ही बाजूंचे लोक पुढे सत्तेत बसले, आणि आयोगावर कोण नेमायचं हे अनेकदा त्यांच्याच हातात राहिलं. बळींच्या संघटना गेली कित्येक वर्षं एकच मागणी करत आहेत: नेमणुका आम्हाला विचारून करा, आणि खटले चालवणाऱ्या यंत्रणेला स्वतंत्र पैसा आणि माणसं द्या. दक्षिण आफ्रिकेत जे बिनसलं ते याच मुद्द्यावर बिनसलं होतं. कायद्याचा मसुदा कितीही नेटका असो, फेटाळलेल्या अर्जाची फाईल उचलून न्यायालयात जाणारा अभियोक्ता नेमलेला नसेल, तर गप्प बसणाऱ्याला घाबरायचं काही कारण उरत नाही.